ड्रायरचा सेन्सर आणि फ्रिजवरचा कागद

मी चाकणच्या एका कंपनीत भट्ट्या सांभाळतो. गिअर भाजायच्या भट्ट्या. भट्टीचं तापमान चढलं का, उतरलं का, आणि जिथं असायला हवं तिथं नसेल तर कुणाच्या नावानं बोंब मारायची, एवढंच माझं काम. आमच्या शॉपवर माझ्या शब्दाला वजन आहे, राव. भट्टी लांबून बघून मी सांगतो की आत काहीतरी बिनसलंय. असा हा माणूस यंदा दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रहाटणीतल्या स्वतःच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत, कपडे वाळवायच्या एका मशीनपुढं उकिडवा बसून होता आणि मशीन त्याला काडीचीही किंमत देत नव्हतं. सांगायला लाज वाटते. पण ही म्हणते सांगा, दुसऱ्याचं एखादं मशीन तरी वाचेल.

ही म्हणजे आमची बायको. आणि मशीन घरात आलं ते हिच्या धाकट्या भावामुळं.

माझा हा मेव्हणा भोसरीच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. मी मेंटेनन्सचा आणि तो स्टोअरचा, म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. मेंटेनन्सवाल्याला पार्ट आत्ताच्या आत्ता हवा असतो आणि स्टोअरवाल्याला आधी सहीची चिठ्ठी हवी असते. मशीन बंद पडलं की आम्ही म्हणतो माल हलका, ते म्हणतात हात जड. आमच्या घरातले सगळे सण ह्याच दोन वाक्यांवर पार पडतात.

तर गेल्या वर्षी हिचा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम दिला आणि बजावलं की हात वर करून ओझं उचलायचं नाही. आता आमच्या सोसायटीत कठड्यावर कपडे वाळत टाकायला बंदी. बाल्कनीला म्हणायचं ड्राय आणि तिथं वाळवायचं काही नाही! त्यामुळं छताला टांगलेल्या दांड्यांवर काठीनं एकेक ओला कपडा चढवायचा. हिला ते जमेना आणि मी चढवलेले कपडे हिला बघवेनात. माझ्या हातचा शर्ट वाळला की गोणपाटासारखा दिसायचा, हे मीसुद्धा मान्य करतो.

मेव्हण्यानं ते बघितलं आणि भाऊबीजेला ओवाळणी म्हणून थेट ड्रायर आणून ठेवला. अख्खा बोनस घातला होता त्यानं. मी काय म्हणावं? म्हणालो, "एवढं ऊन फुकट पडतंय आणि तू कपडे भाजायची भट्टी आणलीस? डोकं काय स्टोअरला जमा करून आलास का?"

तो हसला. "दाजी, तुमची भट्टी गिअर भाजते, ताईची टॉवेल भाजंल. आन् बिघडली तर तुमी हायेतच की."

झालं, मला चढवलं. मी छाती ठोकून सांगितलं, "ह्या मशीनला बाहेरचा मेकॅनिक हात लावणार नाही. लावला तर मी मेंटेनन्सचा नाही." हिनं ते ऐकलं आणि नीट लक्षात ठेवलं. बायका अशी वाक्यं दागिन्यांसारखी जपून ठेवतात.

मशीन वर्षभर छान चाललं. मी त्याला भट्टी म्हणून चिडवत राहिलो, पण एक गोष्ट मी बघत होतो. सकाळी अंथरुणातून उठताना ही डाव्या हातानं उजवा खांदा धरून उठायची. ते हळूहळू सुटलं. मी बोललो काही नाही. आमच्या घराण्यात असलं बोलायची पद्धत नाही.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या पट्ट्यात एकही मशीन पारोसं राहत नाही. कंपनीत आम्ही भट्ट्या धुऊन-पुसून हळदकुंकू वाहतो, झेंडूचे हार घालतो, पेढे वाटतो. घरी मी फक्त स्कूटरची पूजा करायचो. यंदा म्हटलं ड्रायरचीही करू. आणि करायची तर रीतसर, आधी साफसफाई. मशीनच्या माथ्यावरच्या फटीत एक लांबट जाळी सरकवलेली असते, कपड्यांचा भुसा अडवणारी. ती उपसून काढली, धुतली, उन्हाला ठेवली. मशीन लखलखीत पुसलं. हळदकुंकू लावलं, हार घातला, माथ्यावर विडा ठेवला. उदबत्ती ओवाळताना ही दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

"भट्टीची पूजा करताय?"

"मशीन म्हणजे मशीन. त्यात भेदभाव नाही," मी म्हणालो, आणि विषय तिथंच संपवला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी हिनं टॉवेल टाकून मशीन लावलं. आतून दोनदा टकटक आवाज आला आणि थांबला. मी हॉलमधूनच निदान केलं, "शर्टाचं बटण असणार." दहा मिनिटांनी मशीननं पिंपिं केलं, बंद पडलं आणि पडद्यावर एक खुणेचा आकडा दाखवायला लागलं. पुस्तकात बघितलं. लिहिलं होतं, तापमान सेन्सरमध्ये बिघाड, सेवा केंद्राशी संपर्क साधा.

तापमान सेन्सर! माझ्या घरात! अहो, ढोलक्याच्या घरी ढोल फुटावा आणि त्यानं बाहेरून माणूस बोलवावा, असला प्रकार. मी पुस्तक मिटून माळ्यावर टाकलं. हिला म्हणालो, "दोन दिवस दे."

"माझ्या खांद्याचं बघा हं," एवढंच ही म्हणाली.

पहिल्या दिवशी मी मशीनला लाल पाटी अडकवली, कंपनीत अडकवतो तशी: बंद, देखभाल चालू. हिनं त्या पाटीवर ओला नॅपकिन वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडलं. सेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढी वस्तू. कपड्यांतून निघालेली गरम हवा जाळीतून खाली एका वाकड्या नळीत येते, त्या नळीला बाहेरून भोक पाडून तो खुपसलेला असतो. हवा किती गरम झाली ते त्यानं मशीनला सांगायचं, बस्स. दोन स्क्रू काढले, सेन्सर बाहेर. मी तो स्वयंपाकघरात नेला, मीटरच्या वायरी जोडल्या आणि गॅसवर चहा उकळत होता त्यात बुडवला.

"अहो, तो चहा आहे!"

"माहितीय. चांगला तापलाय."

"आता तो तुम्हीच प्या."

मी प्यायलो. पण त्याआधी मीटर बघितलं आणि ताडकन उठलो. चहा गरम, तरी आकडा खाली खाली चाललेला! फ्रिजच्या पाण्यात बुडवला तर वर! आमच्या भट्टीतला सेन्सर तापला की आकडा वर जातो. हा उलटा चाललाय म्हणजे डोक्यावर पडलेला आहे. दोन वेळा खात्री केली आणि तशाच ओल्या हातानं मेव्हण्याला फोन लावला.

"तुझ्या मशीनचा सेन्सर मेला. माल हलका आहे तुझा. मी तेव्हाच म्हणालो होतो."

मी तेव्हा असं काही म्हणालो नव्हतो. नेहमी तो लगेच 'हात जड' म्हणून परतवतो. ह्या वेळी तो एवढंच म्हणाला, "दाजी, मी लई बघून घेतलं व्हतं." आणि फोन ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

सेन्सर रुमालात गुंडाळून मी काळेवाडीला चाचांकडं गेलो. चाचांचं मोटर-वाइंडिंगचं दुकान आहे. पूर्वी आम्ही एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला होतो. त्यांनी सेन्सर मीटरला लावला, नुसता मुठीत धरून गरम केला, आकडा बघितला आणि माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसायला लागले.

"भाऊ, हा उलटाच असतो. गरम झाला की आकडा खाली, थंड झाला की वर. तुमच्या भट्टीतल्याची जात वेगळी, ह्याची वेगळी. एकदम बरोबर आहे हा."

"मग मशीन खोटं बोलतंय का?"

"मशीन म्हणतंय गर्मी कळत नाही. सेन्सर चांगला आहे म्हणजे गर्मी त्याच्यापर्यंत पोचत नसेल. हवा कुठं अडकली का बघा."

"हवा काय बघायची? हवा दिसते का?"

"दिसत नाही म्हणून तर बघा म्हणतो."

आता माणसानं इथं शहाणं व्हावं की नाही? पण मी उंटावरून खाली उतरायला तयार नव्हतो. मेव्हण्याला सेन्सर मेला म्हणून सांगून बसलो होतो ना! आता तो जिवंत निघाला तर मी कुठं तोंड दाखवू? चाचांच्या खणातून तसलाच एक नवा सेन्सर मागून घेतला, घरी येऊन बसवला. दहा मिनिटं. पिंपिं. तोच आकडा.

दोन दिवसांचे दहा झाले. मी फर्स्ट शिफ्टला पहाटे बसमध्ये बसायचो आणि संध्याकाळी येऊन मशीनच्या पाठीमागं घुसायचो. प्लग बदलला, वायरी तपासल्या, मशीन सरकवून लेव्हलला आणलं. ही म्हणाली, "एकदा त्या मेकॅनिकला बोलवू या का? कुणाला सांगणार नाही मी." मी म्हणालो, "प्रश्न कुणाला सांगायचा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे." डोंबलाचं तत्त्व! प्रश्न माझ्या नाकाचा होता, आणि कपडे ती काठीनं वर चढवत होती. डाव्या हातानं काठी धरायची आणि उजव्यानं नुसता आधार द्यायची. ते मला दिसत होतं आणि मी स्क्रू पिळत होतो.

शेवटी मी कंपनीचं ब्रह्मास्त्र काढलं. व्हाय-व्हाय. आमच्याकडं काहीही बिघडलं की कागद घेऊन बसतात आणि पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्या उत्तराला म्हणे खरं कारण सापडतं. रविवारी मी रीतसर मीटिंग बोलावली. हजर माणसं दोन, मी आणि ही. ही समोर चकलीची भाजणी चाळत बसलेली.

मी मोठ्यानं वाचत लिहीत गेलो. समस्या: ड्रायर दहा मिनिटांत थांबतो. का? सेन्सरला गर्मी कळत नाही. का? सेन्सर खराब. हे खोडलं. का? मशीनवर भार जास्त. का? ऑपरेटरनं गोधडी टाकली. जबाबदार व्यक्ती ह्या रकान्यात लिहिलं, ऑपरेटर, म्हणजे सौ. शेवटचा रकाना असतो, पुन्हा घडू नये म्हणून उपाय. त्यात लिहिलं, ऑपरेटरला ट्रेनिंग.

हिनं चाळण खाली ठेवली. "गोधडी मी पाडव्यानंतर एकदा टाकली होती. गुढीपाडव्यानंतर! आणि ट्रेनिंग कोण देणार?"

"मी."

"मग आधी एक पँट घडी घालून दाखवा."

चार 'का' झाले होते. पाचवा विचारायची माझी हिंमत झाली नाही. कागद मात्र मी फ्रिजच्या दाराला चुंबकानं लावला. जाता-येता ही त्याच्याकडं बघायची आणि भांडी जरा जास्त जोरात आपटायची.

दिवाळी आली. पाडव्याच्या दिवशी दुपारी ही पलंगपोस वाळत टाकत होती. दुसऱ्या दिवशी भाऊ येणार, घर नीट दिसलं पाहिजे ना! मी आत टीव्हीपुढं होतो. काठी पडल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन बघतो तर ही फरशीवर बसलेली, खांदा धरून, डोळे मिटून, आणि ओला पलंगपोस अंगावर. मला बघून म्हणाली, "काही नाही, जरा कळ आली." बोलली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःचीच शिसारी आली. तिला आत नेऊन बसवलं, शेकायची पिशवी दिली आणि मी मशीनपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता शेवटचं. नाहीतर परवा मेकॅनिक. गेलं नाक खड्ड्यात.

आणि तेव्हा चाचांचं वाक्य आठवलं. हवा बघा. हवा कुठून येते? जाळीतून. जाळी उपसली आणि फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला, आणखी रेटला तर अडकला. एका हातानं मशीनला बांधलेला मी, दुसऱ्या हातानं तेलाची बाटली शोधतोय.

"काय चाललंय?" आतून आवाज.

"तपासणी!"

खोबरेल तेलावर हात सुटला. पण बोटांना खाली काहीतरी पापडासारखं लागलं होतं. स्वयंपाकघरातून सांडशी आणली, फटीत घातली आणि अलगद ओढलं. बाहेर काय आलं? विड्याचं पान. तपकिरी, कडकडीत भाजलेलं, त्यावर हळदकुंकवाचा ठिपका अजून शाबूत. सांडशी पुन्हा घातली तर मागोमाग सुपारी.

मी तिथंच खाली बसलो. खंडेनवमीला जाळी वाळत ठेवली होती आणि फट उघडी होती. विडा मी बरोबर त्याच फटीच्या काठावर ठेवला होता. पान आणि सुपारी घसरून आत पडली. सुपारीची टकटक ऐकून मी त्याला बटण म्हणालो होतो! वाकड्या नळीत सुपारीनं देठ दाबून धरला आणि पान बसलं सेन्सरच्या डोक्यावर टोपी होऊन. मी बाहेरून सेन्सर काढायचो तेव्हा पान आतच राहायचं, आणि परत बसवला की बिचाऱ्याला परत टोपी. नवा सेन्सर आणला, त्यालाही टोपी. घाला अजून छाती ठोकून!

जाळी लावली, मशीन सुरू केलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, मशीन आपलं घरघरतंय. ही खांद्यावर पिशवी धरून बाहेर आली आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ना, ते बघून मी पान-सुपारी गुपचूप शर्टाच्या खिशात घातली.

"काय होतं हो?"

"होतं एक टेक्निकल."

पाडव्याच्या ओवाळणीनंतर माझ्या ताटलीत दोन चकल्या जास्त पडल्या. त्या मी खाल्ल्या, पण खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. हिनं कौतुकानं भावाला चार फोन लावले, त्यानं एकही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. मेव्हणा दारात, घामाघूम. फराळाची पिशवी नाही, काही नाही. म्हणाला, "खाली टेम्पो हाय. मशीन न्यायला आलोय. दुकानदाराशी भांडलो, म्हणलं बदलून दे न्हाईतर तुझ्या दारात बसतो. कालचा आख्खा दिवस त्यातच गेला."

"अरे, ह्यांनी दुरुस्त केलं!" ही म्हणाली. "कालच! फोन तर उचलायचास!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "काय व्हतं, दाजी?"

आणि मी, भट्ट्यांचा वाघ, म्हणालो, "सेन्सरचंच काहीतरी होतं."

त्यानं मान खाली घातली. पाटावर बसला, टोपी घातली, ही ताट घेऊन आली तरी वर बघेना. "म्हंजी माल हलकाच व्हता," तो म्हणाला. "तुझ्या हाताचं ठावं असून मी हलकी वस्तू दिली, ताई. येवडे दिवस तू परत काठीनं कापडं टाकलीस. मला लई वाईट वाटलं गं. फोन उचलायचं बी धाडस झालं न्हाई." चाळिशीचा बाप्या, स्टोअरला दहा जणांना दमात घेणारा, पाटावर बसून डोळे पुसत होता.

मग माझ्याच्यानं राहवेना. मी खुंटीवरच्या कालच्या शर्टाच्या खिशातून पान काढलं आणि त्याच्या पुढ्यात पाटावर ठेवलं. सुपारीही ठेवली.

"माल चांगला आहे रे. हात जड. हे होतं सेन्सरवर. मी ठेवलेलं."

मेव्हण्यानं पान उलटंपालटं करून बघितलं. हिनं निरांजनाचं ताट खाली ठेवलं आणि कमरेवर हात दिला. मला वाटलं, आता भाऊबीज राहिली बाजूला. पण ही अगदी माझ्या मीटिंगच्या आवाजात म्हणाली, "पान सेन्सरवर का?"

"विडा फटीजवळ ठेवला होता म्हणून."

"विडा तिथं का?"

"पूजा केली म्हणून."

"इतक्या वर्षांत मिक्सरची केली नाहीत, फ्रिजची केली नाहीत. ह्याला तर भट्टी म्हणता. मग ह्याचीच का?"

मेव्हणा माझ्याकडं बघतोय, ही माझ्याकडं बघतेय. मी फरशीकडं बघितलं. "ते आल्यापासून तू सकाळी खांदा धरून उठत नव्हतीस," मी म्हणालो. "म्हणून."

आत मशीन घरघरत होतं. मग मेव्हणा जोरात नाक शिंकरून म्हणाला, "दाजी, टेम्पोवाला खाली थांबलाय, त्याला च्या तरी पाजा." मी चहा टाकायला पळालो. आयुष्यात इतक्या आनंदानं मी चहा टाकला नव्हता.

जेवणं झाली, मेव्हणा गेला. पाणी प्यायला फ्रिजकडं गेलो तर कागदावर निळ्या पेनाचं नवं अक्षर दिसलं. जबाबदार व्यक्ती ह्या रकान्यातलं 'सौ.' खोडलेलं होतं आणि त्याच्या शेजारी हिनं लिहिलं होतं, 'हे'. शेवटच्या रकान्यातलं ऑपरेटरला ट्रेनिंगही खोडलेलं. पुन्हा घडू नये म्हणून उपाय, त्याच्याखाली आता होतं: पूजा दर वर्षी करावी. विडा खाली पाटावर ठेवावा.